थोड्या पैशांत मोटारीचें इंजिन कसें निवडावें?

अमेरिकेंत ज्या गाड्यांस 'हॉट रॉड' म्हणतात, त्यांचा जन्म श्रीमंतांच्या हौसेंतून झालेला नाहीं, हें वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. जुनी मोटार थोड्या पैशांत विकत घ्यावयाची, तिचे मडगार्ड, टप व इतर अनावश्यक ओझें उतरवावयाचें, तींत अधिक जोराचें इंजिन बसवावयाचें आणि मोकळ्या जागीं ती पळवून पाहावयाची, असा हा उद्योग कॅलिफोर्नियांतील तरुण कारागिरांनीं दोन महायुद्धांच्या दरम्यान मोठ्या उत्साहानें चालविला. मुरॉक नांवाच्या कोरड्या सरोवराचा सपाट तळ हें त्यांचें मैदान, आणि भंगारवाल्याचें आवार हीच त्यांची पेढी.

फोर्ड कंपनीनें १९०८ पासून १९२७ पर्यंत 'मॉडेल टी' जातीच्या सुमारें दीड कोट गाड्या केल्या. त्या गाडीच्या इंजिनाचा जोर अवघा २० अश्वशक्ति होता. १९३२ सालीं त्याच कंपनीनें आठ सिलिंडरांचें, ६५ अश्वशक्तीचें इंजिन सामान्य गृहस्थास परवडेल अशा गाडींत घालून विकण्यास आरंभ केला. पुढें या गाड्या जुन्या झाल्या, कांहीं अपघातांत मोडल्या, आणि त्यांचीं इंजिनें भंगारांत येऊं लागलीं. तीं या तरुणांनीं उचललीं. १९५५ सालीं शेव्हरोले कंपनीचें नवें आठ सिलिंडरी इंजिन निघालें व कांहीं वर्षांतच त्यानें फोर्डची जागा घेतली. हीं इंजिनें जगांत सर्वोत्कृष्ट होतीं म्हणून निवडलीं गेलीं असें नव्हे. तीं जेथें तेथें मिळत, त्यांचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळत, आणि त्यांची नाडी ओळखणारा मेस्त्री प्रत्येक गांवीं असे. आमच्या विषयाचें सारें मर्म या एका गोष्टींत आहे.

स्वस्त इंजिन आणि कमी किंमतीचें इंजिन या दोन वस्तु भिन्न आहेत. इंजिन एकटें कांहींच करूं शकत नाहीं. त्यास क्लच लागतो, गिअरबॉक्स लागतो, मागच्या चाकांपर्यंत जोर नेणारा शाफ्ट लागतो, पाणी थंड करणारा रेडिएटर लागतो, धूर बाहेर नेणारी नळी लागते, आणि चासीवर तें घट्ट धरून ठेवणाऱ्या कमानी व रबरी गाद्या लागतात. एखादें विलायती इंजिन भंगाराच्या भावानें मिळालें म्हणून हर्षभरित होऊन घरीं आणावें, आणि मग त्यास जुळणारा गिअरबॉक्स साऱ्या मुंबईंत शोधीत फिरावें, हा प्रकार नवशिक्यांच्या बाबतींत फार घडतो. शेवटीं तें इंजिन चाळीच्या जिन्याखालीं गोणपाटांत गुंडाळलेलें राहतें, पावसाळ्यांत गंजतें, आणि ज्या भावानें आणलें त्याहूनही कमी भावानें पुनः भंगारांत जातें. पैसे साठविण्यास मुलास वर्ष लागलेलें असतें, व पालकांचा विश्वासही त्याबरोबर खर्ची पडतो. म्हणून इंजिनाची किंमत विचारण्यापूर्वीं त्याच्याबरोबर काय काय येतें, हें विचारावें.

आतां आपल्या शहराकडे वळूं. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट गाडी तयार होऊं लागली, व पुढें तीच 'प्रीमियर पद्मिनी' या नांवानें प्रसिद्ध झाली. तिचें १०८९ सी.सी.चें चार सिलिंडरी इंजिन गाडीच्या पुढील भागांत लांबीच्या दिशेनें बसविलेलें असे व तें मागचीं चाकें फिरवी. हॉट रॉडला नेमकी हीच मांडणी हवी असते. काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रूपानें हें इंजिन गिरगांवांत, दादरला, परळच्या गिरण्यांच्या दारांत सर्वत्र धांवत होतें. लालबागच्या एखाद्या मेस्त्रीस मध्यरात्रीं उठविलें तरी तो डोळे मिटून त्याचा कार्बुरेटर जुळवून देत असे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्या काळीं कोणीं आम्हांस विचारलें असतें, तर आम्ही क्षणभरही न थांबतां पद्मिनीचें नांव घेतलें असतें. परंतु त्या गाडीचें उत्पादन २००० च्या सुमारास थांबलें, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. ऑपेरा हाऊसच्या बाजूच्या सुट्या भागांच्या पेढ्यांत अद्याप कांहीं माल निघतो, पण जुन्या गाड्यांचे शौकीन आतां तो माल मोठ्या किंमतीस घेतात. सारांश, ज्या इंजिनास कालपर्यंत कोणी पुसत नव्हतें, तें आज संग्राह्य वस्तु झालें आहे, आणि संग्राह्य झालेली वस्तु विद्यार्थ्याच्या कामाची राहत नाहीं.

तिची जागा मारुतीनें घेतली. 'मारुति ८००' ही गाडी डिसेंबर १९८३ मध्यें बाजारांत आली व २०१४ पर्यंत होत राहिली. तिचें ७९६ सी.सी.चें तीन सिलिंडरी इंजिन वजनास हलकें आहे. त्याचा जोर साधारणतः ३५ ते ४० अश्वशक्ति इतका भरतो. मात्र येथें एक खांच आहे व ती पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. मारुति ८०० मध्यें हें इंजिन आडवें बसविलेलें असून तें पुढचीं चाकें फिरवितें. त्याचा गिअरबॉक्स मागच्या चाकांच्या गाडीस सरळ जोडतां येत नाहीं. उलट 'ओम्नी' या डबेवजा गाडींत तेंच इंजिन पुढच्या आसनाखालीं लांबीच्या दिशेनें असतें, आणि शाफ्टाच्या योगें मागचा ॲक्सल फिरवितें. ओम्नी २०१९ पर्यंत तयार होत होती. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी गाडी म्हणून ती आमच्या वाचकांच्या पूर्ण परिचयाची आहे. अशी एखादी अपघातांत सांपडलेली अगर गंजलेली ओम्नी भंगारांत निघाली, तर इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट व मागचा ॲक्सल हा सारा संसार एकत्र मिळतो. आजच्या मुंबईंत घरीं गाडी बांधूं पाहणाऱ्यास आमचा कौल यालाच आहे.

कोणी म्हणेल, चाळीस अश्वशक्ति म्हणजे फारच थोडी! येथें थोडें गणित करावें. पद्मिनी गाडीचें वजन सुमारें ९०० किलो व जोर सुमारें ४० अश्वशक्ति, म्हणजे प्रत्येक शंभर किलोमागें साडेचार अश्वशक्ति पडत. तोच जोर ५०० किलोच्या उघड्या, दोन आसनी गाडीस दिला, तर शंभर किलोमागें आठ अश्वशक्ति मिळते. इंजिनावर एक पैसाही अधिक न खर्चितां गाडी जवळजवळ दुप्पट चपळ झाली. कॅलिफोर्नियाचीं मुलें प्रथम हातोडी-पाना घेऊन मडगार्ड कां काढीत, याचें उत्तर या त्रैराशिकांत आहे.

मोटारसायकलचें इंजिन घ्यावें कीं काय, असा प्रश्न पुष्कळ मुलें विचारतात. त्यांत गिअरबॉक्स अंगचाच असतो, ही मोठी सोय खरी. चाकणच्या कारखान्यांत होणारें ३७३ सी.सी.चें के.टी.एम. इंजिन चाळीस अश्वशक्तीहून अधिक जोर देतें, व महाविद्यालयीन स्पर्धांच्या गाड्यांत तें पुष्कळदां दिसतें. परंतु मोटारसायकलला मागें जाण्याचा गिअर नसतो; तिचा क्लच दीड-दोनशें किलोंचें वाहन हलविण्याच्या हिशेबानें केलेला असतो, व दुप्पट-तिप्पट ओझें पडलें कीं तो लवकर जळतो. शिवाय वाऱ्यानें थंड होणारें बुलेटसारखें इंजिन पत्र्याआड कोंडलें, तर तें तापून अडकतें. अत्यंत हलक्या गाडीस हा मार्ग चांगला. इतरांनीं सोडून द्यावा. अँबॅसडर व जीप यांचीं इंजिनें दणकट, पण जड आहेत. डिझेलचीं त्याहून जड.

आणि इंजिन स्वतःच घडविण्याचा मोह? इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४० नंतरच्या दशकांत 'मीरा' नांवाची लहान मोटार बांधण्यास घेतली. मोठें यांत्रिक शिक्षण नसतांना त्यांनीं तिचे एकामागून एक नमुने तयार केले व स्प्रिंगांऐवजीं रबराची योजना केली. या पुरुषाच्या चिकाटीस तोड नाहीं. तरीही कित्येक वर्षें खपूनसुद्धां ती गाडी कारखान्यांतून बाहेर पडून लोकांच्या दारीं आली नाहीं. सगळेंच नवें करूं म्हटलें कीं आयुष्य किती खर्ची पडतें, याचा तो दाखला आहे.

जात ठरली, म्हणजे समोरचा नग पारखावयाचा. कुर्ल्याच्या भंगार बाजारांत अगर चोरबाजारांत विकणारा प्रत्येक इंजिनास 'एकदम चालू' म्हणतो. त्यास दुसरें विशेषण ठाऊक नसतें. आपण प्रथम पुढच्या मोठ्या नटास पाना लावून इंजिन हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावें. तें अडलें, तर तेथूनच परतावें. नंतर तेलाची कांडी ओढून पाहावी. तेल काळें असणें हा दोष नव्हे. पण तें दुधाळ, कॉफीच्या रंगाचें दिसलें तर पाणी तेलांत शिरलें आहे, म्हणजे हेडचें पॅकिंग गेलें आहे किंवा हेडला अगर ब्लॉकला चीर आहे. इंजिन चालूं करतां आलें, तर धूर पाहावा. निळसर धूर तेल जळत असल्याची खूण आहे. काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याची, व हा दोष थोड्या खर्चांत दुरुस्त होतो. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला, तर पाणी सिलिंडरांत जात आहे असें समजावें. खालच्या अंगानें जड ठोके ऐकूं आले, तर बेअरिंगें झिजलीं आहेत, आणि तें काम महागाचें.

याहून निश्चित परीक्षा दाबमापकाची. इंजिन गरम असतांना सर्व प्लग काढावे, ठिणगीची तार सोडवावी, पेट्रोलचा पुरवठा बंद करावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, आणि एकेका सिलिंडरास मापक लावून स्टार्टरनें इंजिन पांच-सहा वेळां फिरवावें. आंकडा किती येतो यापेक्षां सर्व सिलिंडरांचे आंकडे एकमेकांशीं किती जुळतात, हें महत्त्वाचें आहे. त्यांत दहांत एक भागाहून अधिक तफावत नसावी. एक सिलिंडर फार खालीं असेल, तर त्यांत चमचाभर इंजिन-तेल ओतून पुनः माप घ्यावें. आंकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलानें त्यांची फट तात्पुरती भरून काढली. चढला नाहीं, तर दोष व्हाल्व्हचा अथवा पॅकिंगचा. रिंगांसाठीं इंजिन पूर्ण उघडावें लागतें, व्हाल्व्हसाठीं केवळ वरचें हेड उतरावें लागतें. एका चमचाभर तेलानें खर्चाचा अंदाज असा हातीं येतो. ज्यांस विज्ञानाच्या तासाला वायूंच्या दाबाचा धडा नीरस वाटला असेल, त्यांनीं हा प्रयोग अवश्य पाहावा.

ब्लॉकवर कोरलेला इंजिनाचा क्रमांक घांसलेला असेल, तर किंमत कितीही उतरली तरी हात लावूं नये. क्रमांक शाबूत असल्यास तो पावतीवर लिहवून घ्यावा व मूळ गाडीच्या कागदांची नक्कल मागावी.

अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेतां येत नाहीं, हेंही येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील बदलेल असा फेरफार गाडींत करण्यास मनाई आहे, व २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हीच गोष्ट दृढ केली. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील एका कारागिरानें भंगाराच्या सामानांतून, पायानें किक मारून चालूं होणारी जीपवजा गाडी सुमारें साठ हजार रुपयांत बांधली. २०२१ सालीं तिचें देशभर कौतुक झालें. पण ती नियमांत बसणारी नसल्यानें महिंद्र कंपनीच्या प्रमुखांनीं त्यांस तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली, व ती गाडी संशोधन-केंद्रांत ठेवण्यासाठीं मागून घेतली.

मग ती चालवावी कोठें? खासगी बंदिस्त जागा हा एक मार्ग. दुसरा मार्ग महाविद्यालयीन स्पर्धांचा. माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय. या १८८७ सालीं स्थापन झालेल्या संस्थेचे विद्यार्थी अशा स्पर्धांसाठीं स्वतः गाड्या बांधीत आले आहेत. 'बाहा' या स्पर्धेंत कित्येक वर्षें सर्व संघांस दहा अश्वशक्तीचें एकच ठरीव इंजिन वापरावें लागे, म्हणजे इंजिनाच्या निवडीचा प्रश्नच उरत नसे, व सारी कसोटी चासी, वजन व जोडणी यांची होई. 'फॉर्म्युला स्टूडंट' जातीच्या स्पर्धेंत पेट्रोल इंजिन ७१० सी.सी.पर्यंत घेतां येतें, पण त्यास लागणारी सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोंकांतून घ्यावी लागते. त्यामुळें मोठें इंजिन आणणाराचा फायदा पुष्कळ कमी होतो. दोन्हीं ठिकाणीं शर्यतीपूर्वीं ब्रेकची परीक्षा असते. गाडी वेगांत आणून एकदम ब्रेक दाबावयाचा. चारही चाकें एकाच वेळीं जाम झालीं नाहींत, तर इंजिन कोणतेंही असो, त्या गाडीस मैदानांत सोडीत नाहींत.