प्रकाशानें कठीण होणारी राळ

लोणी काळभोर येथें मुंबईकडून नळांवाटे पेट्रोल व डिझेल येतें आणि मोठमोठ्या टाक्यांत सांठविलें जातें, हें आपण जाणतोंच. परंतु खनिज तेल केवळ जाळण्यासाठींच नव्हे. त्यापासून निघणाऱ्या रसायनांतून आपल्या दांतांत भरावयाची राळही तयार होते.

किडका दांत कोरून साफ केल्यावर दंतवैद्य त्यांत दांताच्या रंगाचा लगदा भरतात व त्यावर निळा प्रकाश धरतात. सुमारें २० सेकंदांत तो लगदा कठीण होतो. हें कसें घडतें? लगद्यांत कांचेची बारीक पूड व मोनोमर असतो. मोनोमर म्हणजे न ओवलेल्या मण्यांसारखे सुटे रेणू. लगद्यांतील कॅम्फरक्विनोन हें द्रव्य निळा प्रकाश शोषून घेतें. हें द्रव्य आपल्या परिचयाच्या कापरापासून तयार करतां येतें. त्याच्या योगानें ते रेणू एकमेकांस जोडले जाऊन त्यांचें घट्ट जाळें बनतें. ह्या कामीं येणारा बिस-जीएमए नांवाचा मोनोमर अमेरिकेंतील राफेल बोवेन यांनीं शोधिला व १९६२ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. तो मधासारखा दाट असल्यामुळें त्यांत दुसरा पातळ मोनोमर मिसळतात.

ह्याच जातीचे मोनोमर छपाईची शाई, लांकडावरील रोगण व प्रकाशतंतूंवरील लेप यांतही वापरतात. चार्ल्स हल यांनीं १९८६ सालीं पेटंट घेतलेल्या यंत्रांत तर द्रव राळेवर प्रकाश टाकून थरावर थर चढवीत वस्तु घडविली जाते.

अशाच एका कारखान्यांत काम करणारा आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरीं भेटावयास आला. त्याची बोटें लाल होऊन भेगाळलीं होतीं. ओली राळ तो उघड्या हातांनीं पुसत असे. सुट्या मोनोमरामुळें कातडीस असा विकार एकदां जडला कीं तो बहुधा जन्मभर राहतो. पातळ रबरी हातमोज्यांतूनही मोनोमर आंत शिरतो. नखांना लावावयाच्या व दिव्याखालीं वाळविण्याच्या रंगांतही हेंच भय आहे.

जी राळ पूर्ण कठीण झाली ती उपकारक, जी अर्धवट राहिली ती अपायकारक, हें ध्यानांत ठेवावें. प्रकाश खोलवर पोंचत नाहीं, म्हणून दंतवैद्य सुमारें २ मिलिमीटरचा एकेक थर भरून तो कठीण करतात. पालकांनीं त्यांना घाई करूं नये. मुलांनीं तेवढा वेळ तोंड स्थिर ठेवावें व दिव्याकडे पाहूं नये. आणि रोज रात्रीं दांत घांसून निजणारास तर ह्या राळेची गरज क्वचितच पडेल!