पाठीचा कणा

मुलांनो, पाठीच्या मधोमध बोट फिरवून पाहा. लहान लहान उंचवटे लागतात. ते मणके होत. मणक्यांच्या या माळेला पाठीचा कणा म्हणतात. कण्याच्या पोकळीत मज्जारज्जू असतो. तो मेंदूचा हुकूम अवयवांपर्यंत पोचवतो. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. मणक्यांमधील मऊ चकत्या गादीसारखे धक्के सोसतात.

वाकून जड ओझे उचलले, की कधी कधी चकती सरकते आणि नस दबते. मग कमरेपासून पायापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. घाबरू नका. बहुतेक रोगी औषधाने व हलक्या व्यायामाने काही आठवड्यांत बरे होतात.

पण मज्जारज्जू किंवा त्याच्या खालचा नसांचा जुडगा दबला, तर गोष्ट वेगळी. पायांतली शक्ती जाते, तोल जातो, गुंडी लावता येत नाही, लघवी अडते किंवा नकळत होते. अशा वेळी शेजारी म्हणतील, "मालिश करा." अब्बा म्हणतील, "आज कामावर जातो, उद्या पाहू." दादी लाजेने लघवीचे सांगणारही नाही. तुम्ही विचारा. त्याच दिवशी रोग्याला मोठ्या रुग्णालयात न्या. तेथे एम.आर.आय. काढून दाब कोठे आहे ते पाहतात. गरज पडल्यास शस्त्रक्रिया करतात. उशीर झाला, तर गेलेली शक्ती परत येईलच असे नाही.

ओझे उचलताना गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, ओझे अंगाजवळ धरा.

स्वाध्याय
१. चकती सरकल्यावर काय होते?
२. कोणती लक्षणे दिसताच रुग्णालयात जावे?