शेजारच्या शेतावरून घेतलेले शिक्षण : निरीक्षण, अनुकरण आणि कृषी विस्तार

नवे वाण किंवा नवी लागवड पद्धत शेतकऱ्याच्या कानावर अनेक मार्गांनी येते. तिचा स्वीकार मात्र तो बहुधा ती कोणाच्या तरी शेतात पाहिल्यानंतरच करतो. कृषी विस्तारातील प्रात्यक्षिक, प्रक्षेत्र भेट आणि शिवार फेरी या सर्वांचा पाया हाच आहे. परंतु पाहणाऱ्याच्या मनात नेमके काय उतरते आणि काय निसटते, याचा विचार प्रात्यक्षिक आखताना क्वचितच होतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ७२ बालकांवर एक प्रयोग केला. काही बालकांसमोर एका प्रौढ व्यक्तीने हवा भरलेल्या मोठ्या बाहुल्याला हातोडीने व ठोशांनी मारले. पुढे तोच बाहुला हाती आल्यावर या बालकांनी तशाच कृती केल्या. त्या व्यक्तीचे शब्दही उच्चारले. त्यांना कोणी शिकवले नव्हते, बक्षीसही दिले नव्हते.

विस्तार कार्यकर्त्याला अधिक उपयोगी आहे तो बांडुरा यांचा १९६५ चा प्रयोग. त्यात काही बालकांना मारणाऱ्या व्यक्तीचे कौतुक होताना दाखवले गेले, काहींना तिला शिक्षा होताना. तिसऱ्या गटासमोर यांपैकी काहीच घडले नाही. शिक्षा पाहिलेल्या बालकांनी अनुकरण कमी केले. मात्र पाहिलेली कृती करून दाखवल्यास खाऊ मिळेल असे सांगताच तिन्ही गटांतील फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे सर्वच बालके शिकलेली होती. काहींनी ते शिक्षण कृतीत आणले नव्हते, इतकेच. एखाद्या गावात शिफारशीचा अवलंब झाला नाही की ‘शेतकऱ्यांत जागृती नाही’ असा शेरा अहवालात सहज लिहिला जातो. वस्तुतः शेतकऱ्याने ती पद्धत पाहिलेली व समजूनही घेतलेली असू शकते. ती करणाऱ्याला बाजारात भाव मिळाला नाही, हेही त्याने त्याच वेळी पाहिलेले असते. अशा ठिकाणी पुन्हा माहितीपत्रके वाटून काय साधणार?

निरीक्षणातून होणाऱ्या शिक्षणाचे चार टप्पे बांडुरा यांनी मांडले: लक्ष, स्मरण, प्रत्यक्ष कृतीची क्षमता आणि प्रेरणा. शेतीत यांतील पहिल्या टप्प्यावरच मोठी गळती होते, कारण शेतातील अनेक निर्णायक गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे उदाहरण घ्यावे. पाहणाऱ्याला दिसते ते बियाण्यावर चढलेले औषधाचे आवरण. प्रथम बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धक हा क्रम का, बियाणे सावलीतच का सुकवायचे आणि लगेच का पेरायचे, हे नुसत्या पाहण्यातून कळत नाही. संवर्धकातील जिवाणू सजीव असून ऊन व रसायने त्यांना मारक ठरतात, हे सांगितले नाही तर शेतकरी कृतीचे अनुकरण हुबेहूब करतो, पण जिवाणू मेलेले असतात. पुढच्या वर्षी तो ‘करून पाहिले, फरक पडला नाही’ म्हणतो आणि हे वाक्य गावात झपाट्याने पसरते.

पिकापिकांतही हा फरक पडतो. अर्थशास्त्रज्ञ कैवन मुन्शी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हरितक्रांतीच्या काळातील भारतीय गहू व भात उत्पादकांची तुलना केली. अधिक उत्पादन देणारे गव्हाचे वाण घेताना शेतकऱ्यांनी शेजाऱ्यांच्या अनुभवाला मोठे वजन दिले. भाताच्या बाबतीत हा प्रभाव क्षीण होता. भाताचे तत्कालीन नवे वाण जमीन व पाण्याच्या स्थितीला अधिक संवेदनशील होते, त्यामुळे शेजाऱ्याचे यश आपल्या खाचरात उतरेलच याची खात्री देता येत नव्हती. भात उत्पादकांनी स्वतःच्या जमिनीवर प्रयोग करून पाहणे अधिक पसंत केले, आणि ते योग्यच होते. जिथे शेताशेतांत तफावत मोठी, तिथे रस्त्याकडेच्या एका आदर्श भूखंडावर विसंबण्यापेक्षा वेगवेगळ्या जमिनींवर लहान लहान प्रात्यक्षिके घ्यावीत. बारमाही ओलिताच्या शेतातील पीक पाहून कोरडवाहू शेतकरी कौतुक करतो खरा. पण ते आपल्यासाठी नव्हे, हेही मनाशी नोंदवून घरी जातो.

शेजाऱ्याचे हे महत्त्व जुने आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याच्या प्रसाराचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी केलेला अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांना नव्या बियाण्याची पहिली वार्ता विक्रेत्यांकडून मिळाली होती. निर्णयावर सर्वाधिक प्रभाव मात्र शेजाऱ्यांचा होता. तरीही सुरुवातीला पेरणी करणाऱ्यांनी लहान तुकड्यावरच आजमावणी केली.

अनुकरण चांगल्या-वाईटाची निवड करत नाही, ही यातील गंभीर बाजू आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. त्यामागे कारणे अनेक होती; संरक्षक साधनांविना फवारणी हे त्यांतील एक. मुखपट्टीविना फवारणे, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकणे, दोन-तीन औषधे अंदाजाने एकत्र करणे या सवयी कोणत्याही वर्गात शिकवल्या जात नाहीत. नवखा मजूर त्या जुन्या मजुराकडे पाहून उचलतो. बहुतेक वेळा लगेच अपाय दिसत नाही, म्हणून शिक्षा पाहिल्यावर जे अनुकरण थांबते, ते इथे थांबत नाही.

फवारणीचे प्रात्यक्षिक देणाऱ्याने हातमोजे व मुखपट्टी न घालता औषधाचे प्रमाण अचूक सांगितले, तरी उपस्थितांच्या लक्षात राहतो तो उघडा चेहरा. म्हणून औषधाचे झाकण उघडण्यापूर्वी साधने चढवणे, वाऱ्याची दिशा पाहणे आणि शेवटी हात धुणे हे सर्व प्रात्यक्षिकात सावकाश, बोलत बोलत करावे. त्यानंतर पंप उपस्थितांपैकी एखाद्याच्या पाठीवर द्यावा, टाकीत साधे पाणी भरून तीच कृती त्याच्याकडून करवून घ्यावी आणि इतरांना त्याच्या चुका शोधू द्याव्यात. प्रत्यक्ष फवारणी मजूर करणार असतील, तर या कार्यक्रमाला शेतमालकाबरोबर त्यांनाही बोलवावे.