तापलेल्या ट्रॅक्टर इंजिनाची तपासणी व दुरुस्ती

खरिपाची पूर्वमशागत व रब्बीची मळणी या काळात ट्रॅक्टरवर भार अधिक पडतो. अशा वेळी इंजिन तापले असता पुष्कळ चालक रेडिएटरमध्ये पाणी ओतून काम लगेच पुढे चालू करतात. इंजिनाचे मोठे नुकसान बहुधा या घाईमुळेच होते. जेथे केवळ हेड गॅस्केट बदलून भागले असते, तेथे पिस्टन व लाइनर बदलण्याची पाळी येते आणि पेरणीचा वापसा हातचा जातो.

तत्काळ काय करावे

काटा तांबड्या रेषेत जाताच भार काढावा. पंख्याचा पट्टा शाबूत असून पाणी गळत नसेल, तर इंजिन दोन-तीन मिनिटे मंद गतीने चालू ठेवावे व नंतर बंद करावे. पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल, तर ते तत्क्षणी बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र मुळीच उघडू नये. झाकणामुळे आत दाब राहतो व पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असते. दाब सुटताच ते उसळून चालक भाजतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. म्हणून इंजिन हाताला थंड लागेपर्यंत थांबावे.

कारण शोधणे

प्रथम रेडिएटरची जाळी पाहावी. मळणीचा भुसा व धूळ जाळीत दाटल्यास हवा खेळत नाही. त्यानंतर होज पाइप, पट्ट्याचा ताण, पाण्याचा पंप व झाकणाचे रबर तपासावे. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात बुडवावा. पाणी उकळू लागले तरी तो उघडत नसेल, तर बदलावा. क्षारयुक्त विहिरीचे पाणी वापरल्यास आत खपली धरते व उष्णता बाहेर पडत नाही.

हेड गॅस्केटची परीक्षा

इंजिन पुन्हा चालू करण्यापूर्वी ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे व इंजिन चालू करू नये. ऑइल स्वच्छ असेल, तर रेडिएटर भरून, थंड असतानाच झाकण काढून इंजिन थोडा वेळ चालवावे. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा.

हेडची दुरुस्ती

हे काम कुशल फिटरकडूनच करवून घ्यावे. परंतु पुढील गोष्टींवर मालकाने स्वतः लक्ष ठेवावे.

१. हेडचे बोल्ट इंजिन थंड असतानाच, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत.

२. हेडच्या तळावर पोलादी सरळ पट्टी लांबीत, रुंदीत व कर्णरेषेत ठेवून फटीत फीलर गेज घालून पाहावे. वाकाची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते; ती बहुधा ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. वाक अधिक असल्यास हेड यंत्रावर सपाट करून घ्यावे. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट टिकत नाही.

३. हेडला तडा आहे काय व लाइनरवर ओरखडे आहेत काय, हे पाहावे.

४. जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. बोल्ट मध्यापासून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळावेत व टॅपेटचे अंतर पुन्हा बसवावे.

५. ऑइलमध्ये पाणी गेले असल्यास ऑइल व त्याचा फिल्टर दोन्ही बदलावेत.

शेवटी रेडिएटर धुऊन उत्पादकाने सांगितलेले कूलंट भरावे. इंजिन प्रथम भाराविना चालवून गळती पाहावी व मगच औताला जोडावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी मळणीच्या हंगामात जाळी रोज साफ करण्याचे व सकाळी पाणी, ऑइल व पट्टा पाहण्याचे महत्त्व शेतकरी बंधूंना पटवून द्यावे. या कामास पाच-दहा मिनिटे लागतात. इंजिन उघडावे लागल्यास कित्येक दिवस जातात.