गळाला क्रेफिश लावू का?

प्रश्न : मी मूळचा मालवणचा, सध्या इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. टेम्सकाठी दगड उचलला की शेवंडाच्या पिल्लासारखे क्रेफिश दिसतात. ही उपद्रवी परकी जात म्हणे. मग पकडून गळाला लावले तर नदीचं भलंच ना?
– एक वाचक

उत्तर : हेतू चांगला, पण थांबा. इंग्लंडमध्ये क्रेफिश, जिवंत असो वा मेलेला, आमिष म्हणून वापरायला बंदी आहे. तुम्ही पाहता तो बहुधा अमेरिकेतला सिग्नल क्रेफिश : नांग्या खालून लाल, सांध्यावर निळसर-पांढरा ठिपका. १९७०च्या दशकात तो खाण्यासाठी पाळायला आणला आणि तिथून नद्यांत पसरला. त्याच्याबरोबर आलेल्या बुरशीसारख्या जंतूच्या रोगाने फिकट नांग्यांचा इथला मूळ क्रेफिश मरतो. हा रोग ओल्या जाळ्यातून, बुटांतूनही दुसऱ्या नदीत पोचतो. सापळा लावायचा तर एन्व्हायर्न्मेंट एजन्सीची परवानगी लागते.

आजवर नुसते पाहिलेत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मालवणी माणसाला उपाय काय सांगायचा? दुकानातली सोललेली कोळंबी! चब, पर्च हे मासे ती आवडीने घेतात. गांडूळ तर आहेच. सिग्नल क्रेफिश चुकून गळाला लागलाच, तर परत पाण्यात सोडू नका. तेही बेकायदा आहे. आणि घरी आल्यावर जाळं, बूट धुऊन कडकडीत वाळवा.