वासरांची हगवण : औषधापूर्वी पाणी

हगवण लागलेले तान्हे वासरू दगावते ते बहुधा हगवणीने नव्हे, तर शोषाने. पातळ शेणावाटे शरीरातील पाणी व क्षार निघून जातात, रक्तातील आम्लता वाढते आणि कालपर्यंत उड्या मारणारे वासरू एकदोन दिवसांत आडवे होते. पशुपालक मात्र पहिला मोलाचा दिवस हगवण थांबविणाऱ्या औषधाच्या शोधात घालवितो. ग्रामसेवकांनी हा क्रम बदलून दाखवावा.

शोषाची परीक्षा सोपी आहे. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडावी. निरोगी वासराची कातडी तत्काळ पूर्ववत होते. ती काही सेकंद तशीच उभी राहिली व डोळेही खोल गेले असतील, तर वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी गेले असे समजावे. तीस किलोच्या वासरात ही तूट जवळजवळ अडीच लिटर होते. मग स्वच्छ बोट तोंडात घालून वासरू ते चोखते किंवा नाही हे पाहावे. तोंड थंड लागले, वासरू चोखत नसले किंवा उठत नसले, तर त्यास तोंडाने काहीही पाजू नये. पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा वासरास शिरेवाटेच सलाईन द्यावे लागते व ते पशुवैद्याचे काम आहे. महाराष्ट्रात १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकास बोलाविता येते.

चोखणाऱ्या वासरास मात्र घरीच क्षारयुक्त पाणी सुरू करावे. ग्लुकोज व मीठ एकत्र दिले असता आतडे दोन्ही शोषून घेते व त्यांच्यामागे पाणीही रक्तात जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीचे असंख्य रोगी वाचविले. येथे एक सावधगिरी हवी. मुलांना आपण साखर-मिठाचे पाणी देतो, ते वासरास चालत नाही. साखर पचविणारा पाचक रस त्याच्या आतड्यात नसतो. न पचलेली साखर वा गूळ हगवण वाढवितो. म्हणून ग्लुकोजच हवे. जनावरांसाठीची क्षारपूड उत्तम. ती न मिळाल्यास औषधाच्या दुकानातील ओआरएसची पुडी सांगितलेल्या मापाने उकळून कोमट केलेल्या पाण्यात मिसळावी. दिवसातून दोनतीन वेळा, दर खेपेस एक ते दीड लिटर पाजावे.

दूध बंद करू नये. दूध तोडल्याने हगवण कमी दिसते खरी, परंतु वासरू उपाशी राहून खंगते. दूध थोडे थोडे, तीनचार वेळा द्यावे. क्षारपाणी दुधात मिसळू नये. दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. अंगाखाली कोरडे गोणपाट घालावे. शेणात रक्त किंवा अंगात ताप असल्यास पशुवैद्यास दाखवावे. प्रतिजैविके मनाने देऊ नयेत. म्हशीच्या रेडकात जंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान जंताचे औषध विचारून द्यावे.

मुंबईच्या तबेलेवाल्यांस परळ जवळ आहे. तेथे १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय तर त्याहूनही जुने आहे. परंतु शहरी दूधधंद्याची अडचण वैद्याची नाही, हिशेबाची आहे. दुधाला हाताशी गिऱ्हाईक असल्यामुळे रेडकाचा घोट नुकसानीत धरला जातो. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहून शहरातील हजारो म्हशी मोकळ्या जागी गेल्या, तरी हा हिशेब सर्वत्र बदलला नाही. चिकाचेही तेच. गिरगाव-दादरकडे खरवसास मागणी असते, आणि पहिल्या धारेचा चीक वासराच्या तोंडाऐवजी बरणीत जातो.

वासरू जन्मतः रोगप्रतिकारक द्रव्यांवाचून येते. ती त्यास चिकातूनच मिळतात, आणि चोवीस तासांनंतर आतडे ती आत घेत नाही. म्हणून वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवशी पोटात जावा, त्यातील निम्मा जन्मानंतर दोन तासांच्या आत. म्हैस त्याहून अधिक चीक देते. खरवस उरलेल्याचा करावा.