कासवबेटाचे खेकडे : एक अभ्यासपाठ

इतिहास शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक नियम सांगत आलो आहोत : एका स्थळी मिळालेल्या पुराव्यावरून दुसऱ्या स्थळाविषयी निष्कर्ष काढू नये. निसर्गाच्या अभ्यासालाही हाच नियम लागू पडतो. समुद्रतळावरील उष्ण झरे हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

सन १९७७ मध्ये प्रशांत महासागरात, गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे २,५०० मीटर खोलीवर ‘अल्विन’ या पाणबुडीतून संशोधकांनी असे झरे पाहिले. तेथे सूर्यकिरण पोहोचत नाही. तरीही शिंपले, खेकडे आणि नळीसारखे लांब कृमी यांची दाट वस्ती आढळली. झऱ्यातील हायड्रोजन सल्फाइडच्या आधारे जिवाणू अन्न निर्माण करतात व त्यावर ही वस्ती जगते. सूर्यप्रकाशावाचून जीवसृष्टी बहरत नाही, ही दृढ समजूत तेथे ढासळली.

मग उथळ समुद्रातील झऱ्यांभोवतीही हेच घडत असेल, असे कोणासही वाटेल. तैवानच्या ईशान्य किनाऱ्याजवळील क्वेशान बेट मात्र निराळे उत्तर देते. या नावातच कासव आहे. तेथील उथळ समुद्रात काही झऱ्यांचे पाणी १०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले आणि तीव्र आम्लधर्मी असते. तरीही भोवतालच्या कपारींत ‘झेनोग्रॅप्सस टेस्टुडिनाटस’ जातीचे खेकडे मोठ्या संख्येने राहतात. ते खातात काय? २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचा उलगडा प्रसिद्ध झाला. झऱ्यांच्या विषारी लोटात सापडून पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी मरतात. एरवी प्रवाह त्यांना दूर नेतो. परंतु भरती-ओहोटीच्या संधिकाळी पाणी स्थिरावले की ते हिमकणांसारखे तळाशी उतरतात. नेमक्या त्याच वेळी खेकडे झुंडीने बाहेर येऊन ते वेचतात.

हे सूक्ष्म प्राणी ज्या सूक्ष्म वनस्पतींवर पोसले जातात, त्या सूर्यप्रकाशावर वाढतात. म्हणजे झऱ्याच्या तोंडाशी राहणाऱ्या या खेकड्याच्या घासातही सूर्याचा वाटा आहे. उथळ झऱ्यांपाशीही रसायनांवर जगणारे जिवाणू असतात. तथापि तेथे अन्नाचे दोन मार्ग एकत्र येतात. केवळ झऱ्यांपाशीच आढळणाऱ्या प्राणिजाती खोल समुद्रात पुष्कळ, तर उथळ पाण्यात मोजक्याच आहेत.

‘झरा’ हा शब्द एक असला, तरी तेथील जगणे एक नसते. खोली किती, प्रकाश किती, अन्न कोठून येते, हे विचारल्यावाचून आमच्या विद्यार्थ्यांनी वहीत निष्कर्ष लिहू नये.